अंगणवाडीसाठी मागणी करायची तर कुणाकडे, कशाच्या आधारावर आणि कोणत्या महिन्यात

‘आमच्या गावातील अंगणवाडीची अवस्था अत्यंत बिकट असून त्याकडे तातडीने लक्ष द्यावे, ही नम्र विनंती.’ अशा ओळीने संपणारी निवेदनं पंचायत समितीत रोज येतात. शिक्का बसतो, आवक क्रमांक पडतो, ‘पुढील कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारला जातो आणि कागद फाइलला लागतो. दरवेळी त्यात कुणाचा आळस किंवा खोडसाळपणा असतोच असं नाही. कागद वाचणाऱ्याला आपण काय करायचं हेच कळलेलं नसतं. छप्पर गळतंय, आहार निकृष्ट आहे, सेविकेचं पद रिकामं आहे की वजनकाटा बंद आहे? या चारही गोष्टींचे पैसे वेगवेगळ्या खात्यांतून येतात आणि सह्याही वेगवेगळ्या माणसांच्या लागतात.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी सरकारकडे काही मागायचं तर आधी अडलंय कुठे ते ओळखावं लागतं. ढोबळमानाने चार जागा आहेत. काही वेळा कायद्यात हक्क असतो, पण योजना त्याहून तोकडी असते. काही वेळा योजना पूर्ण राबवली जाते, पण तिचा दरच इतका कमी असतो की तिच्यातून काही निष्पन्न होत नाही. काही वेळा दर ठीक असतो, पण पैसा तालुक्यापर्यंत उतरत नाही. आणि काही वेळा पैसा, पद, वस्तू सगळं मंजूर असूनही गावात पोचलेलं नसतं. पहिल्या दोन अडचणी ग्रामसभेत कितीही घसा कोरडा केला तरी सुटत नाहीत आणि चौथीसाठी मंत्रालयाची पायरी चढायची गरज नसते. बहुतेक निवेदनं वाया जातात ती या गल्लतीपायी.

कायदा काय देतो

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ हा या विषयातला सगळ्यात भक्कम आधार. रेशनच्या धान्यामुळे तो सगळ्यांना माहीत आहे, पण त्याची कलमं ४, ५ आणि ६ थेट लहान मुलं आणि आयांबद्दल आहेत. सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून वयानुसार मोफत आहार मिळणं हा कलम ५ नुसार हक्क आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना कलम ४ नुसार आहार मिळतो, शिवाय किमान ₹६,००० मातृत्व लाभ. कुपोषित मुलं शोधून त्यांना वाढीव आहार देण्याची जबाबदारी कलम ६ ने सरकारवर टाकली आहे. आहार मिळालाच नाही, तर कलम ८ नुसार त्याच्या बदल्यात रोख अन्न सुरक्षा भत्ता देय होतो. हे कलम क्वचितच कुणी अर्जात लिहितं. लिहिलं की मात्र उत्तराची भाषा बदलते.

आहार म्हणजे किती, तेही ठरलेलं आहे. मुलाला दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. तीव्र कुपोषित मुलाला ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम. वर्षातले ३०० दिवस. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम ताजा आहार, तर त्याहून लहान मुलांना आणि मातांना घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर.

कायद्याच्या आधी सर्वोच्च न्यायालयाने बरंच काम करून ठेवलं होतं. २००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने दाखल केलेल्या अन्न हक्काच्या याचिकेत २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने अंगणवाडीसह अन्नाच्या योजना हक्काच्या झाल्या. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात ‘मागणीनुसार अंगणवाडी’ आली: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती सुरू करायची. नवा कायदा आल्यावर ही याचिका २०१७ मध्ये निकाली निघाली. त्यामुळे आज अर्ज लिहिताना केवळ २००६ च्या आदेशावर भिस्त न ठेवता कलम ५ आधी लिहावं आणि आदेश त्याच्या जोडीला.

लोकसंख्येचे निकषही लक्षात ठेवावेत: साधारण ४०० ते ८०० वस्तीला एक अंगणवाडी, ८०० ते १,६०० ला दोन, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३०० पासूनच एक. शहरात नव्या झोपडपट्ट्यांची नोंद जनगणनेत नसते, म्हणून तिथे ‘लोकसंख्या बसत नाही’ हे उत्तर हमखास मिळतं. त्यावर उपाय एकच. घरोघर फिरून मुलांची यादी करायची, नाव, जन्मतारीख, आईचं नाव आणि घराची खूण लिहायची आणि ती अर्जाला जोडायची. दोन-तीन जणांनी मनावर घेतलं तर दोनशे घरांच्या वस्तीचं हे काम एका रविवारात आटोपतं.

हक्क ₹६,००० चा, योजना ₹५,००० ची

पहिल्या प्रकारच्या अडचणीचं नमुनेदार उदाहरण म्हणजे मातृत्व लाभ. कायदा म्हणतो, सरकारी नोकरीत नसलेल्या किंवा दुसऱ्या कायद्याने असा लाभ न मिळणाऱ्या प्रत्येक गरोदर, स्तनदा स्त्रीला किमान ₹६,०००. पहिलं बाळंतपण की तिसरं, असा भेद कायद्यात नाही. प्रत्यक्षात प्रधानमंत्री मातृ वंदना योजना पहिल्या अपत्यासाठी ₹५,००० देते, तेही ₹३,००० आणि ₹२,००० अशा दोन हप्त्यांत. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ₹६,००० एकरकमी. दुसरा मुलगा किंवा तिसरं अपत्य असेल तर काही नाही.

संघटित क्षेत्रातल्या नोकरदार आईला २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. शेतमजूर आईचं काय? २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला ₹३१२ होती. त्या हिशेबाने ₹५,००० म्हणजे १६ दिवसांची मजुरी, म्हणजे अडीच आठवडे. बाळ सहा महिने फक्त आईच्या दुधावर असावं असा सल्ला आपण देतो आणि आईला घरी बसायला मोबदला देतो सोळा दिवसांचा. याला दुटप्पीपणा म्हटलं तर चुकू नये.

ही तफावत तालुक्यात मिटणारी नाही. ती खासदारांमार्फत केंद्राकडे न्यायची किंवा राज्याने आपल्या तिजोरीतून भर घालावी असं मागायचं. दुसरा मार्ग अधिक साध्य आहे, कारण त्याला दाखले आहेत. तमिळनाडूत मुत्तुलक्ष्मी रेड्डी मातृत्व योजनेखाली रोख आणि पोषण किट मिळून ₹१८,००० दिले जातात. ओडिशाने ‘ममता’ योजना २०११ मध्ये, म्हणजे केंद्राचा कायदा येण्याआधीच, सुरू केली आणि ती पहिल्या दोन जिवंत बाळंतपणांना लागू केली. आमदाराशी बोलताना ‘आयांना जास्त पैसे द्या’ असं म्हणण्यापेक्षा ‘तमिळनाडू देतं, आपण का देत नाही’ हा प्रश्न जास्त टोचतो. अर्थखात्याकडे तो पाठवणंही आमदाराला सोपं जातं.

आठ रुपयांचा हिशेब

दुसऱ्या प्रकारची अडचण, म्हणजे दरच अपुरा, ती समजून घ्यायला आहाराचे पैसे पाहावेत. प्रत्येक मुलामागे दिवसाला ₹८, तीव्र कुपोषित मुलामागे ₹१२, मातेमागे ₹९.५०. हे दर २०१७ मध्ये ठरले. आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात.

३० मुलांची अंगणवाडी धरा. महिन्याला २५ दिवस. ३० गुणिले ८ गुणिले २५, झाले ₹६,०००. आहार शिजवणाऱ्या बचत गटाने यात तांदूळ-गहू, डाळ, तेल, मीठ-मसाला, भाजी, गॅस आणि शिजवणाऱ्या बाईचं कष्टाचं मोल बसवायचं. किरकोळ बाजारात एक अंडं सहा-सात रुपयांना पडतं. म्हणजे एका मुलाला एक अंडं दिलं की त्याचा दिवस संपला. खिचडी पातळ का असते, उसळीत मटकीचे दाणे मोजता का येतात, याचं उत्तर बहुतेक वेळा या गणितात असतं. चोरी होत नाही असं नाही. पण प्रामाणिक गटालाही याच पैशांत पाककृतीचा तक्ता पाळायचा असतो, त्यातून देयक तीन-तीन महिने थकतं आणि दुकानदार उधारी बंद करतो. मग आहारच बंद पडतो. अशा वेळी गावकरी गटावर तुटून पडतात. आधी विचारायला हवं, शेवटचं देयक कोणत्या महिन्याचं निघालं?

शाळेतल्या मध्यान्ह भोजनाशी तुलना केली की मुद्दा उघड होतो. प्राथमिकच्या मुलासाठी धान्य सोडून लागणाऱ्या साहित्याचा दर २०१६ मध्ये ₹४.१३ होता. तो टप्प्याटप्प्याने वाढत डिसेंबर २०२४ मध्ये ₹६.१९ आणि मे २०२५ मध्ये ₹६.७८ झाला. दोन्ही दरांत धान्याचा हिशेब वेगळा धरलेला असल्याने ₹८ आणि ₹६.७८ समोरासमोर ठेवून चालणार नाही. तुलना करायची ती सवयीची. शाळेचा दर महागाईकडे पाहून वारंवार सुधारला गेला, अंगणवाडीचा वर्षानुवर्षं होता तिथेच राहिला. सहा वर्षांच्या मुलापेक्षा तीन वर्षांच्या मुलाला महागाई कमी लागते असा काही शोध लागलेला नाही.

म्हणून ‘दर वाढवा’ ही मागणी अर्धवट आहे. आज दर ₹१० केला तर तो पुन्हा सात-आठ वर्षं तिथेच बसेल. मागणी अशी हवी: आहाराचा दर किंमत निर्देशांकाला जोडावा आणि दरवर्षी १ एप्रिलपूर्वी त्याचा फेरआढावा घ्यावा. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्र्यांनी सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.० या केंद्राच्या अंगणवाडी योजनेतले पोषणखर्चाचे निकष योग्य प्रमाणात वाढवले जातील, असं सांगितलं होतं. संसदेत बोललेलं वाक्य हाती असणं ही मोठी गोष्ट आहे. खासदारांना पत्र लिहिताना त्या भाषणाची तारीख घालावी आणि एवढंच विचारावं: आदेश कोणत्या तारखेचा, दर किती, लागू कधीपासून?

राज्याला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही, हे महाराष्ट्राने स्वतःच दाखवलं आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी मिळतात. कुपोषण मात्र आदिवासी प्रकल्पाची हद्द पाहून थांबत नाही. मराठवाड्यातले कोरडवाहू तालुके आणि मुंबईतल्या झोपडपट्ट्या या योजनेच्या बाहेर आहेत. नवी योजना मागण्यापेक्षा चालू योजनेची हद्द वाढवा असं मागणं सरकारच्या पचनी लवकर पडतं, कारण लेखाशीर्ष, पाककृती, देयकाची पद्धत सगळं तयार असतं.

आकडे मांडताना

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी (वयाच्या मानाने उंची कमी) आणि २५.६ टक्के लुकडी (उंचीच्या मानाने वजन कमी) आढळली. लुकडेपणाचा देशाचा आकडा १९.३ टक्के होता, म्हणजे श्रीमंत म्हणवणारं आपलं राज्य इथे देशाच्या मागे आहे. अधिकाऱ्याला हा आकडा सांगितला की तो पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप उघडून दाखवतो आणि तिथे तीव्र कुपोषित मुलं फारच थोडी दिसतात. मग वाद सर्वेक्षण खरं की ॲप खरं यावर घसरतो आणि मूल बाजूला राहतं.

फरक पडतो मोजण्यात. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजायची असते, त्यापुढच्या मुलाची उंची उभं करून. पद्धत उलटसुलट झाली तर सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि तेवढ्याने मूल एका गटातून दुसऱ्यात जाऊ शकतं. आजारी मूल वजनाच्या दिवशी घरीच असतं. काटा शून्यावर नसतो. गेल्या महिन्याचं वजन नजरेने अर्धा किलो वाढवून लिहिलं जातं. म्हणून गावपातळीवर सर्वेक्षणाची टक्केवारी न फेकता दंडाचा घेर मोजण्याची पट्टी वापरा: सहा ते ५९ महिन्यांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषित (सॅम), ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम (मॅम). सेविका आणि आशा यांच्या समोर, त्यांच्याच पट्टीने मोजा आणि मुलांची नावं जाहीर न करता संख्या कळवा. अमुक गावात सॅम मुलं सात, पण ग्राम बाल विकास केंद्र (कुपोषित मुलांना वाढीव आहार देण्याचं गावातलं केंद्र) सुरू नाही, असं कळवलं तर त्याला ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर देऊन चालत नाही.

इथे एक पथ्य कटाक्षाने पाळावं. सेविकेला आरोपी करू नये. वाईट आकडा कळवला की ताशेरे तिच्यावर येतात, म्हणून ती तो लपवते. केंद्राचं तिचं मानधन ऑक्टोबर २०१८ पासून ₹४,५००, बाकी राज्याची भर. २०२३-२४ च्या हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनिसांनी दीर्घ संप केला, त्यानंतर २०२४ मध्ये राज्याने मानधनात वाढ केली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला. सेविकांच्या संघटना ही गावकऱ्यांच्या बाजूची सगळ्यात जाणकार मंडळी आहेत. कोणत्या बिटात, म्हणजे एका मुख्य सेविकेच्या हद्दीत, किती पदं रिकामी आहेत, कोणत्या प्रकल्पात टीएचआर किती आठवड्यांपासून आला नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं.

पैसा आहे, पण उतरत नाही

इमारतीचं घ्या. पोषण २.० च्या निकषांत नव्या अंगणवाडी इमारतीचा खर्च ₹१२ लाख धरला गेला: ₹८ लाख रोजगार हमीतून, ₹२ लाख वित्त आयोगाच्या निधीतून, ₹२ लाख महिला व बालविकासकडून. शौचालयाला ₹३६,०००, पिण्याच्या पाण्याला ₹१७,०००. कागदावर छान. पण तीन खात्यांचे पैसे एका कामात आणायचे म्हणजे तीन मंजुऱ्या आल्या. शिवाय रोजगार हमीत मजुरी आणि साहित्याचं ६०:४० प्रमाण सांभाळावं लागे. इमारतीत सिमेंट, सळई, विटा जास्त, मजुरी कमी, त्यामुळे प्रमाण बिघडतं आणि यंत्रणा अशी कामं टाळते. आता रोजगार हमीचा कायदाच बदलला आहे, तेव्हा ठरावात योजनेचं नाव घालण्याआधी चालू वर्षाचं परिपत्रक पाहून घ्या.

जागा नसणं हे दुसरं कारण. गावठाणात ग्रामपंचायतीच्या नावावरची जागा नसेल तर प्रस्ताव तिथेच थांबतो. ग्रामसभेच्या ठरावात जागेचा नमुना ८ चा उतारा जोडलेला असेल, तरच पुढची तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता हलते. ‘योग्य जागा पाहून बांधकाम करावे’ असा ठराव म्हणजे ठराव न केल्यासारखाच.

सोपा पैसा जिल्ह्यात असतो. जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवायचा राज्याचा निर्णय आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. पाच लाखांच्या उत्पन्नाला ते ₹५०,००० होतात. त्यातून वजनकाटा, उंचीमापक, चटया, पाण्याचं पिंप, खेळणी, किचन गार्डनला कुंपण एवढं सहज येतं. हा पैसा बहुतेक गावी मार्चअखेर शिलाई यंत्रांवर किंवा एखाद्या प्रशिक्षणाच्या बिलावर जातो. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला ₹१०,००० पर्यंत अबंधित निधी मिळतो, तोही पाहावा.

शहरात गोष्ट वेगळी. तिथे ग्रामसभा नाही आणि अंगणवाडी महापालिकेची नसून राज्याच्या एकात्मिक बालविकास सेवा योजना आयुक्तालयाखालच्या नागरी प्रकल्पाची असते. लोक नगरसेवकाकडे जातात आणि तो ‘बघतो’ म्हणतो. त्याच्या हाती पद भरणं किंवा आहार देणं नसतं. जागा मात्र असते. केंद्राच्या निकषात भाड्यासाठी महानगरात महिना ₹६,०००, इतर शहरांत ₹४,००० धरले आहेत. मुंबईत या पैशांत हवेशीर खोली मिळवून दाखवावी! म्हणून नगरसेवकाकडे एकच मागावं: समाजमंदिर किंवा महापालिका शाळेतली रिकामी खोली, लेखी पत्राने.

कागद कसा पुढे सरकतो

चौथ्या प्रकारच्या अडचणीला, म्हणजे मंजूर असूनही न मिळणाऱ्या गोष्टींना, ठरलेली शिडी आहे. सेविकेच्या वर मुख्य सेविका, तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी, म्हणजे सगळे म्हणतात ते सीडीपीओ. मग जिल्हा परिषदेत उपमुख्य कार्यकारी अधिकारी (बालकल्याण) आणि वर आयुक्तालय. सीडीपीओला लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी बोलणं झालं असेल तर त्याच संध्याकाळी ‘आज आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार’ अशी सुरुवात करून तेच लेखी पाठवा. अर्जात एकच मागणी, तारखा आणि संख्या. ‘१ ते ३० जूनदरम्यान आहार ११ दिवस मिळाला, बाकी दिवसांचा भत्ता कलम ८ नुसार द्यावा’ एवढं पुरे. १ जुलै २०२५ पासून टीएचआरसाठी चेहरा पडताळणी सक्तीची झाल्यापासून ‘फोटो जुळत नाही’ म्हणून बाई परत जाते. अशा वेळी तारीख आणि ॲपवर आलेला संदेश जसाच्या तसा लिहावा.

उत्तर नाही आलं तर अन्न सुरक्षा कायद्याखालचे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यांच्यावर अपील राज्य अन्न आयोगाकडे. रेशन दुकानाच्या तक्रारी इथे पुष्कळ जातात, अंगणवाडीच्या फार कमी. म्हणूनच जाव्यात.

माहितीचा अधिकार जोडीला वापरावा. ₹१० चं कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस, ते न आल्यास पुढच्या ३० दिवसांत ₹२० च्या स्टॅम्पवर पहिलं अपील. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंत असावा लागतो. लोक पाच विषय कोंबतात आणि त्या कारणाने अर्ज परत येतो. ‘आहार का दिला नाही’ असं विचारू नका, ‘का’ ला माहिती म्हणत नाहीत. मागा ती कागदं: प्रकल्पातील मंजूर, भरलेली आणि रिक्त पदांची यादी, मागील सहा महिन्यांच्या आहार देयकांची सादर आणि अदा केल्याची तारीख.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. बऱ्याच गावी ती वहीतच होते. आयांनी तिथे बसून ठराव लिहून घेतला तर ग्रामसभेत तो आयता पुढे येतो. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी ते. ठरावाचा क्रमांक आणि सूचक-अनुमोदकाची नावं घेतल्याशिवाय उठू नका.

महिना चुकला की सगळं चुकतं. गावाचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या सुमारास तयार व्हायला लागतो आणि जानेवारीपर्यंत पक्का होतो. राज्याच्या अर्थसंकल्पासाठी खाती शरदातच अंदाज मागवतात, अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो. फेब्रुवारीत मंत्र्यांना दिलेलं निवेदन त्या वर्षासाठी उशिराचं असतं. मग उरतात पुरवणी मागण्या, पावसाळी अधिवेशनात मुंबईला आणि डिसेंबरमध्ये नागपूरला. आमदारांकडे जाताना मसुदा तयार न्यावा: तारांकित प्रश्नाचा किंवा लक्षवेधीचा, चार-पाच ओळींचा, जिल्ह्याच्या आकड्यांसह. सभागृहात मंत्री ‘तीन महिन्यांत पदे भरू’ म्हणाले, तर ते वाक्य मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे जातं. तीन महिन्यांनी त्या समितीला पत्र लिहायचं विसरू नये.

धोरण बदलतं ते कशाने

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत राबवली, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलं. केंद्राने २०११ मध्ये ती पद्धत आशांमार्फत देशभर नेली. आज दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशा ४२ दिवसांत सहा भेटी देते, त्याचं मूळ इथे आहे. पुरावा ते धोरण या प्रवासाला एक तप लागलं. न्यायालयाचा रस्ताही आखूड नाही. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, बचत गट हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये सांगितलं. तरी महाराष्ट्राच्या टीएचआरच्या निविदेतल्या अटी छोट्या गटांना बाहेर ठेवणाऱ्या होत्या आणि त्या रद्द व्हायला फेब्रुवारी २०१९ उजाडावं लागलं.

ऊसतोडीला जाणारी मुलं

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या भागात जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. मुलाचं नाव गावच्या अंगणवाडीत, मूल फडावरच्या कोपीत. पाच-सहा महिने त्याला कुठलाच आहार नाही. चुकलेली लस, न झालेलं वजन वेगळंच. पोषण ट्रॅकरमध्ये लाभार्थी दुसऱ्या अंगणवाडीकडे वर्ग करण्याची सोय आहे, पण ती वापरायला दोन्ही टोकांच्या सेविकांना माणसं कुठून कुठे गेली हे कळावं लागतं.

हे निघण्याआधी करायचं काम आहे. सप्टेंबरात मुकादमाकडून टोळीतल्या कुटुंबांची यादी घ्यावी: सहा वर्षांखालची मुलं, गरोदर बाया, कारखान्याचं नाव, उतरण्याचं गाव. ती गावच्या आणि उतरण्याच्या तालुक्यातल्या, अशा दोन्ही सीडीपीओंना एकाच दिवशी पाठवावी, प्रत कारखान्याच्या शेतकी कार्यालयाला. तळावर ४० मुलं भरत असतील तर तात्पुरत्या अंगणवाडीची मागणी त्याच पत्रात करावी. आहाराची मागणी आधीच्या पटावरून नोंदवली जाते, त्यामुळे नोव्हेंबरात माणसं पोचल्यावर नावं दिली तर पाकिटं हाती पडेपर्यंत जानेवारी लागतो आणि तोवर निम्मा हंगाम संपलेला असतो. टोळी मध्येच दुसऱ्या कारखान्याकडे वळली तर यादी पुन्हा पाठवावी लागते, म्हणून मुकादमाचा फोन नंबर पत्रातच असू द्यावा.